जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरची ओढ कमी होणे

मोकळे असताना सुरळीत चालणारे इंजिन नांगर जमिनीत उतरताच किंवा चढ लागताच दबू लागते, मिसिंग करते (मधूनमधून ठोका चुकवते) आणि शेवटी बंद पडते. या दोषाला ओढ कमी होणे किंवा इंजिनाने दम न धरणे असे म्हणतात. ही नोंद ठिणगीवर चालणाऱ्या, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) असलेल्या जुन्या ट्रॅक्टरांपुरती आहे. फोर्डसन एफ (१९१७), फोर्ड ९एन (१९३९) व ८एन (१९४७–५२), फार्मॉल एच (१९३९–५३) आणि फर्ग्युसन टीई२० (१९४६–५६) ही त्यांतली परिचित नावे. यांतल्या काही प्रकारांत इंजिन पेट्रोलवर सुरू करून ते तापल्यावर रॉकेलवर घेत.

मोकळ्या चालीत इंजिनाला पेट्रोल थोडेच लागते, थ्रॉटलची (इंजिनात जाणारे मिश्रण कमीजास्त करणारी) झडप जवळजवळ मिटलेली असते आणि सिलिंडरमधला दाबही बेताचा असतो. अशा वेळी अर्धवट तुंबलेली नळीसुद्धा पुरते आणि अशक्त ठिणगीही मिश्रण पेटवते. ओझे आले की गव्हर्नर (इंजिनाचा वेग कायम राखणारा भाग) झडप उघडतो, पेट्रोलची मागणी कितीतरी वाढते, सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण दाबले जाते, आणि त्या दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते. म्हणून जागेवर उभ्या ट्रॅक्टरला रेस देऊन काढलेला निष्कर्ष बहुधा चुकतो. ट्रॅक्टर कामाला लावावा आणि दोष दिसेल त्याच क्षणी तपासावा.

त्याआधी एक खात्री करून घ्यावी. ट्रॅक्टर मंदावतो आहे, पण इंजिनाचा वेग तसाच आहे, तर क्लच घसरतो आहे. मोकळ्या जागी न्यूट्रलमध्ये ढकलूनही ट्रॅक्टर सहज सरकत नसेल, तर ब्रेक धरून राहिले आहेत. या दोन्हींत इंजिन निर्दोष असते.

ताकद कशी गेली, हे चालवणाऱ्याने नीट ऐकलेले असेल तर मेकॅनिकचे काम फार हलके होते. दिवा मालवावा तसे इंजिन एकदम गप्प झाले तर संशय ठिणगीवर घ्यावा. हळूहळू दबत, आचके देत, कार्बोरेटरमधून फटफट करत थांबले तर पेट्रोलवर. सकाळी पहिल्या मिनिटापासून ओढच नसेल आणि दिवसभर तशीच राहत असेल, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) किंवा गव्हर्नर पाहावा. हा नियम अचूक नाही, पण सुरुवात कुठून करायची ते त्यावरून ठरते. नवे प्लग, नवी कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग), नवा कंडेन्सर (कॉइलच्या जोडीचा, पॉइंट जळू न देणारा भाग) असे एकदम सगळे बदलण्याची सवय मात्र वाईट. इंजिन सुधारले तरी दोष कशात होता ते कळत नाही, आणि नवा भाग सदोष निघाला तर गुंता वाढतो.

पेट्रोलची पहिली चाचणी बसल्या जागी होते. इंजिन दबू लागले की चोक (कार्बोरेटरमध्ये जाणारी हवा अडवणारी झडप) थोडा ओढावा. ताकद परत आली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. उलट इंजिन आणखी दबले आणि सायलेन्सरमधून काळा धूर आला तर पेट्रोल जास्त होत आहे. तेव्हा एअर क्लीनर उघडावा. जुन्या ऑइल-बाथ (हवेतली धूळ तेलात धरणाऱ्या) क्लीनरमधले तेल धुळीने चिखलासारखे झालेले असते, कधी हवेच्या नळीत उंदरांनी घर केलेले सापडते.

पेट्रोल कमी पडत असेल तर इंजिन थंड करून, जवळपास आग नाही हे पाहून, कार्बोरेटरच्या तळाचा निचरा-बोल्ट काढावा आणि खाली भांडे धरावे. या ट्रॅक्टरांत बहुधा पंप नसतो. टाकी वर असते आणि पेट्रोल आपल्या वजनाने खाली येते. धार न तुटता दोन मिनिटांत निदान अर्धा लिटर पेट्रोल पडले पाहिजे. धार जोरात सुरू होऊन बारीक होत जात असेल तर टाकीचे झाकण सैल करावे. लगेच धार वाढली तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. तरीही फरक नसेल तर टाकीखालची काचेची वाटी, तिच्यातली जाळी, आणि कार्बोरेटरच्या तोंडाशी कोपरात बसवलेली बारीक जाळी पाहावी. ही शेवटची जाळी कोपर काढल्याशिवाय दिसत नाही, आणि नेमकी तीच विसरली जाते. टाकीतल्या गंजाचा एक पापुद्राही पुरेसा असतो. ओढीने तो तोंडावर जाऊन बसतो आणि इंजिन थांबते. दहा मिनिटे उभे राहिल्यावर तो सुटून बाजूला तरंगतो आणि इंजिन पुन्हा नव्यासारखे चालते. वाटी पाहून हा दोष सापडत नाही. टाकी पूर्ण रिकामी करून धुवावी लागते. धार ठीक असेल तर फ्लोटची (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची उंची राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी आणि मुख्य जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) तपासावे.

मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून हवा आत शिरते का, हेही पाहतात. पण अशा गळतीचा त्रास मंद चालीत जास्त आणि ओझ्यावर कमी जाणवतो, त्यामुळे निव्वळ ओढीच्या तक्रारीत ती मागे ठेवलेली बरी.

ठिणगी तपासताना ती आहे एवढ्याने भागत नाही. मोकळ्या हवेत सुमारे ६ मिलिमीटर फट ओलांडणारी, निळी, कडकड वाजणारी ठिणगी हवी. पिवळट, केसासारखी ठिणगी उघड्या प्लगवर दिसते आणि दाबाखाली विझते. थंड असताना चांगली आणि अर्ध्या तासाने अशक्त होत असेल तर बहुधा कॉइल किंवा कंडेन्सर. पॉइंटांवर (कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टोकांवर) निळसर जळकेपणा आणि एका बाजूला टेंगूळ, दुसऱ्या बाजूला खड्डा दिसला तर कंडेन्सरकडे बोट जाते. पॉइंटांची फट फिलर गेजनेच (फट मोजण्याच्या पातळ पट्टीने) लावावी. फोर्ड ८एनच्या पुढच्या डिस्ट्रिब्युटरला (प्लगांना क्रमाने वीज वाटणाऱ्या भागाला) ती ०.०१५ इंच लागते, तर १९५० पासूनच्या बाजूच्या डिस्ट्रिब्युटरला ०.०२५ इंच; अदलाबदल झाली की टायमिंगही सरकते. त्याच इंजिनाचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-२-४-३ आहे. १-३-४-२ ची सवय असलेल्या हाताने तारा लावल्या तर दोनच सिलिंडर काम करतात. ६ व्होल्टचा ट्रॅक्टर १२ व्होल्टवर नेताना जुनी कॉइल रेझिस्टरशिवाय ठेवली तर ती तापते आणि पॉइंट जळतात. डिस्ट्रिब्युटरमधली अॅडव्हान्सची (वेग वाढताच ठिणगी लवकर पाडणारी) वजने गंजून अडकली तर टायमिंग मागेच राहते आणि इंजिन तापून ओढ गमावते. मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी देणारे यंत्र) असलेल्या ट्रॅक्टरात इंजिन सुरू झाल्यावरही इम्पल्सची (सुरू करताना ठिणगी उशिरा पाडणाऱ्या जोडणीची) टक्‌टक् थांबत नसेल तर तिथेही हाच प्रकार घडतो.

गव्हर्नरची तपासणी एका मिनिटाची, तरी सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. इंजिन बंद ठेवून हातातला थ्रॉटल पूर्ण ओढावा. बहुतेक रचनांत कार्बोरेटरची झडप तेव्हा पूर्ण उघडी दिसली पाहिजे. स्प्रिंग ताणलेली किंवा कांडी झिजलेली असली तर झडप अर्धीच उघडते आणि अर्धीच ताकद मिळते.

एवढे करूनही ओढ आली नाही तर कॉम्प्रेशन मोजावे: इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल आणि चोक पूर्ण उघडे. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजल्यावर आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंग झिजल्या आहेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असले तर त्यांच्यामधली हेड गॅस्केट बहुधा फुटलेली असते. जळालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कानानेही ओळखता येतो: सायलेन्सरच्या तोंडाशी ठरावीक ठेक्यात फुस्स आवाज येतो. व्हॉल्व्हची बैठक झिजून तो तिच्यात रुतला की टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट कमी होत जाते, आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मऊ बैठकी असलेल्या जुन्या इंजिनांत शिसेविरहित पेट्रोलवर जड काम केले तर ही झीज वाढते. फट वेळेवर नीट केली तर व्हॉल्व्ह जळण्याआधीच वाचतो.

मुख्य जेटची सुई सगळ्यांत शेवटी, आणि ओझ्यावरच लावतात. ट्रॅक्टर पूर्ण ताकदीने ओढत असताना सुई इंजिन दबेपर्यंत हळूहळू आवळावी, मग ओढ पूर्ण परत येईपर्यंत सोडावी आणि त्यापुढे किंचित आणखी उघडी ठेवावी. फार आवळलेल्या सुईवर इंजिन हलके काम बिनबोभाट करते, पण जड कामात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजून निघतात.