स्वतःच्या शेतासाठी औषध नेताना नियम लागू नसतात का?

«फवारणीचे औषध स्वतःच्या शेतासाठी नेत असाल तर वाहतुकीचे नियम लागू होत नाहीत, ते फक्त विक्रेत्यांसाठी आहेत», असा संदेश अनेक वर्षे फिरतो आहे. हा समज का झाला असावा, हे समजण्यासारखे आहे, कारण परवाना विक्रीसाठी लागतो आणि स्वतःच्या वापरासाठी औषध घेणाऱ्या शेतकऱ्याला तो लागत नाही.

वाहतुकीचा नियम मात्र वेगळा आहे. कीटकनाशक नियम, 1971 मधील वाहतुकीच्या प्रकरणात म्हटले आहे की, कीटकनाशकाचा खाद्यपदार्थांशी किंवा पशुखाद्याशी थेट संपर्क येईल अशा रीतीने ते नेऊ वा साठवू नये. आणि तेथे माल कोणाचा, हा भेद केलेला नाही. बाटली सीलबंद असली तरी पिकअपमध्ये सरकी पेंडीच्या पोत्याखाली दाबली गेली, खड्ड्यात आपटली आणि झाकण सैल झाले, तर गोणपाट ते औषध शोषून घेते. वास उडतो, विष उरते, आणि संध्याकाळी तीच पेंड गाईच्या दावणीत पडते. पोत्यावर औषध सांडल्यास तपासणीशिवाय ती पेंड ग्राहकाला देऊ नये, असेही हे नियम सांगतात.

खात्री करायची असेल तर नियमांचे ते प्रकरण स्वतः वाचावे आणि डब्यासोबतचे माहितीपत्रक पाहावे. लेबलवरील त्रिकोणही पाहावा: लाल म्हणजे अतितीव्र विषारी, आणि हिरवा म्हणजेही निर्विष नव्हे, केवळ कमी विषारी.