गळाने मासेमारी शिकणे (पुणे परिसर)

गळ, तंगूस (नायलॉनचा बारीक दोरा) आणि काठीने गोड्या पाण्यातले मासे धरण्याचे कसब जाणत्याच्या शेजारी बसून शिकण्याची रीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातली शिकार बंद झाली; सावजाची वेळ आणि जागा ओळखण्याचे शिक्षण आता नदी-धरणांच्या काठावर मिळते. शिकवणारा बहुधा घरातलाच मामा-काका, नाहीतर गावातला भोई किंवा कोळी.

शहरातल्या मुळा-मुठेत सांडपाणी मिसळते, त्यामुळे शिकणारे मुळशी, पवना, उजनी धरणांकडे जातात. जलाशयांवरचा मासेमारीचा हक्क अनेक ठिकाणी ठेक्याने सहकारी संस्थांकडे असतो, म्हणून आधी विचारावे लागते. देहूच्या इंद्रायणीतले मासे श्रद्धेने राखलेले आहेत. तिथे गळ टाकत नाहीत.

चांगला जाणता पहिल्या दिवशी काठी हातात देत नाही. पाणी बघायला लावतो: बुडबुडे कुठे उठतात, खडकाची सावली कुठवर येते, वाऱ्याने फेस कोणत्या काठाला लागतो. कंटाळवाणा वाटणारा हा भाग वगळला तर पुढचे सगळे अंदाजपंचे होते.

सुरुवात चिलापीवर करावी. हा मासा उथळ पाण्यात काठाजवळ मिळतो आणि गांडूळ किंवा मळलेली कणीक सहज घेतो. साधारण ०.२० ते ०.२५ मिलिमीटर जाडीचा तंगूस, लहान गळ, वर शिशाचा एक दाणा आणि तरंगा एवढे पुरते. लहान गळांच्या मापात आकडा वाढतो तसा गळ लहान होतो. नवखे इथे हमखास फसतात. गळ बांधताना तंगुसाला पाच-सहा वेढे देऊन गाठ ओली करून मगच आवळावी. कोरडी गाठ घर्षणाने तापते, तंगूस तिथेच कमजोर होतो आणि मोठा मासा लागला की नेमका तिथून तुटतो. तरंगा जड असेल तर माशाला ओढ जाणवते आणि तो आमिष सोडतो. शिसे असे जोडावे की तरंग्याचे फक्त टोक पाण्यावर राहील.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे हिसका. तरंगा थरथरला की नवखा काठी उचलतो, पण तेव्हा मासा नुसता कुरतडत असतो. तरंगा तिरका सरकला किंवा बुडाला की मनगटाने छोटा हिसका द्यायचा. ही वेळ सांगून कळत नाही; जाणता शेजारून ‘आत्ता’ म्हणतो आणि पुष्कळ मासे निसटल्यावर हाताला ती उमगते. रोहू मासा गळाला लागला तर ओढाताण न करता काठी उभी धरून त्याला दमू द्यावे.

शिंगाळा माशाच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा टोचला तर हात ठणकतो. हा मासा फडक्याने धरावा. लालसर पिलांच्या थव्याखाली मरळ राखण करत असते. तिथे गळ टाकू नये, कारण तिच्याविना पिल्ले दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक साइक्सने १८३९ मध्ये मुळा-मुठेतून वर्णन केलेला दख्खनी महसीर लागला तर ओल्या हाताने सोडून द्यावा.

कार्बनची काठी विजेच्या तारांखाली उभी करू नये. धरणाखाली विसर्गाचा भोंगा ऐकू येताच पात्रातून बाहेर पडावे. ओसरत्या जलाशयाचा काठ वरून सुकलेला दिसला तरी खालच्या गाळात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. तुटलेला तंगूस गोळा करून घरी आणावा. त्यात बगळे आणि पाणकावळे अडकून मरतात.