बार कोखबाच्या काळातील चांदीचे नाणे आणताना घासून आणू नये

बार कोखबाच्या रोमविरुद्धच्या उठावाच्या काळातील झूझ, म्हणजे चांदीचे लहान नाणे, दाखवायला येणारे आमचे बहुतेक बेने इस्राएल ग्राहक एकच शंका विचारतात : द्राक्षांच्या घडामागे माणसाचा कान कसा दिसतो, नाणे खोटे तर नाही ना?

तो कान रोमन सम्राटाचा असतो, पुष्कळदा त्रायानचा. इ.स. 132 मध्ये रोमन अमलाखालच्या यहुदियात शिमोन बार कोखबाने सम्राट हाड्रियनविरुद्ध उठाव केला, तेव्हा नव्या चकत्या न पाडता चलनातल्या रोमन नाण्यांवरच ठसे मारण्यात आले. कांस्याच्या नाण्यांवर आधी कानस फिरवीत. चांदीवर बहुधा तसे करीत नसत, म्हणून जुना चेहरा आणि कडेची दोन-चार ग्रीक वा लॅटिन अक्षरे नव्या चित्राखाली डोकावतात. ज्या रोमची सत्ता झुगारली त्याच्याच सम्राटाचा चेहरा ठशाखाली दडपलेला पाहताना आजही आमचा हात क्षणभर थांबतो. उलपानमध्ये, म्हणजे हिब्रू भाषेच्या वर्गात, शिकलेल्यांनाही वरचा मजकूर लागत नाही, कारण ‘शिमोन’, ‘येरुशलेमच्या मुक्तीसाठी’ हे शब्द प्राचीन हिब्रू लिपीत आहेत.

आमचा खरा खोळंबा होतो तो नाणे टूथपेस्टने किंवा चिंचेने लख्ख करून आणल्यामुळे. दबलेल्या चेहऱ्याचा उंचवटा केसाएवढा असतो आणि घासताना तोच आधी जातो. मागे एका कुटुंबाने आणलेल्या झूझवर वीणा चकाकत होती, पण तिच्या तारांत पांढरी पेस्ट घट्ट बसली होती आणि खालच्या चेहऱ्याची एकही रेघ उरली नव्हती. पेस्ट काढण्यात दिवस गेला, तरी खात्रीने काही सांगता आले नाही. काळसर थर तसाच ठेवण्याला काही ग्राहक आमचा आळस समजतात. मात्र तो थर आणि खालचा चेहरा मिळूनच परीक्षा करता येते, म्हणून आम्ही विक्रीची नाणीही चमकवीत नाही.

नाणे मऊ कागदात गुंडाळून, कडेला धरून आणावे. वजन आणि भिंगाखालची तपासणी आपल्यासमोर, विनामूल्य होईल. बार मित्झ्वाच्या (ज्यू मुलाच्या तेराव्या वर्षीच्या धार्मिक संस्काराच्या) भेटीसाठी पुष्कळ जण सेला हे चांदीचे मोठे नाणे पसंत करतात : एका बाजूस येरुशलेमच्या ज्यू मंदिराचा दर्शनी भाग, दुसऱ्या बाजूस सुक्कोथ सणाचे लुलाव (खजुराची झावळी) आणि एत्रोग (महाळुंगासारखे फळ). आम्ही परवानाधारक विक्रेते असल्याने प्रत्येक नाण्याची नोंद असलेली पावती देतो. नाणे इस्राएलबाहेर न्यायचे असल्यास पुरातत्त्व प्राधिकरणाची मंजुरी लागते. तो अर्ज खरेदीच्या वेळीच भरून घ्यावा.