इंटर्नशिपचे ४ क्रेडिट: कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांनी अर्ज कसा करायचा, कागद कोणते लागतात

इंटर्नशिप करणं वेगळं आणि तिचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, पदरात पडणं वेगळं. शिरोली एमआयडीसीत दोन महिने राबलात, पण कॉलेजची मंजुरी आधी घेतलेली नसेल, तर ते काम गुणपत्रिकेत येईल याची खात्री नाही. त्यामुळे जागा शोधायच्या आधी नियम बघा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यानं २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात अभ्यासक्रमाचा आराखडा ठरवला. त्यात पदवीच्या सहाव्या सत्रात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला, म्हणजे इंटर्नशिपला, मुलांच्या भाषेत ओजेटीला, ४ क्रेडिट आहेत. एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.ला हे पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात येतं. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. रोज आठ तास दिले तर १५ दिवस, लेक्चर सांभाळून चार तास दिले तर महिनाभर. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर प्रमाणपत्र वा पदविका घेऊन बाहेर पडायचं असेल, तर जादा ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. बऱ्याच जणांना हे ऐन वेळी कळतं. तुमचं कॉलेज स्वायत्त आहे की शिवाजी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमावर चालतं, त्यावर तपशील बदलतो. म्हणून सिनियरचं ऐकण्याआधी आपल्या बॅचचा अभ्यासक्रम उघडून बघा.

पात्रतेत फारसं काही नाही. त्या सत्राला प्रवेश हवा आणि काम मुख्य विषयाशी जुळणारं हवं. घरच्या दुकानात किंवा काकांच्या वर्कशॉपमध्ये तास भरायचा विचार असेल, तर मेंटॉर सरांना किंवा मॅडमना आधीच विचारा.

जागेपेक्षा वेळ साधणं अवघड. रसायनशास्त्राच्या मुलांना साखर कारखान्याची प्रयोगशाळा हवी असते, पण गळीत हंगाम साधारण नोव्हेंबरला सुरू होऊन मार्चच्या आसपास आटोपतो. एप्रिलमध्ये गेलात तर तपासायला उसाचा रसच नसेल. त्यामुळे अर्ज दिवाळीच्या आसपासच द्या. पतसंस्थेत किंवा सीएंच्या ऑफिसात मार्चअखेरीला कामाचा ढीग असतो, पण समजावून सांगायला कुणाला फुरसत नसते. वाणिज्यच्या मुलांनी फेब्रुवारीत सुरुवात केलेली बरी. गोकुळ शिरगाव, शिरोलीतल्या फाउंड्र्या, इचलकरंजीतले कापड उद्योग, हुपरीची चांदी, दूध संघ असं बरंच काही हाताशी आहे. कलाशाखेच्या मुलांनीही संग्रहालय, ग्रंथालय, वृत्तपत्राचं कार्यालय, स्वयंसेवी संस्था इथं विचारावं.

आता कागद. आधी विभागप्रमुखांकडे साधा अर्ज, मग प्राचार्यांच्या सहीचं शिफारसपत्र. ते घेऊन संस्थेत जा आणि त्यांच्या लेटरहेडवर संमतीपत्र आणा. त्यात कामाचं स्वरूप, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, तिथल्या मार्गदर्शकाचं नाव असू द्या. सोबत आधार आणि आयकार्डच्या झेरॉक्स, फोटो. काही कॉलेजं पालकांचं हमीपत्र घेतात, कारखान्यात विमाही विचारतात. हे सगळं मंजूर झाल्यावरच पहिला दिवस मोजा.

काम सुरू झालं की हजेरीपत्रक आणि नोंदवही रोजच्या रोज भरा. शेवटच्या दिवशी एका बैठकीत, एकाच पेनानं लिहिलेली नोंदवही परीक्षकांना लगेच ओळखू येते. ‘मशीन पाहिले’ यापेक्षा ‘कास्टिंगचे वजन घेतले, नाकारलेले नग वेगळे केले’ असं लिहा. शेवटी तासांचा उल्लेख असलेलं, सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र आणि अहवाल जोडायचा. तोंडी परीक्षाही असते.

स्टायपेंड मिळालाच पाहिजे असं नाही. आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेशी याची गल्लत करू नका. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या त्या योजनेत पदवीधरांना महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठेवलं होतं, पण शिक्षण चालू असलेल्यांना ती लागू नव्हती.

शेवटचा टप्पा अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे क्रेडिट जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा. डिजिलॉकरमधून अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा १२ अंकी ओळख क्रमांक, काढून कॉलेजला द्या. क्रेडिट तुम्हाला स्वतः भरता येत नाहीत, ते विद्यापीठ किंवा स्वायत्त कॉलेज चढवतं. आधारवर ‘पाटील’ शेवटी आणि कॉलेजच्या नोंदीत सुरुवातीला, वडिलांचं नाव एकीकडे आहे नि दुसरीकडे नाही, असल्या फरकानं नोंद अडकू शकते. दुरुस्ती सत्र सुरू होतानाच करून घ्या. निकालानंतर खात्यात ४ क्रेडिट दिसत नसतील, तर परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडा, मूळ प्रत स्वतःकडेच ठेवा.