लागण ताजी की जुनी?

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी गोठवली, तेव्हा बातम्यांत एकच प्रश्न होता: आफ्रिकेतल्या एचआयव्हीबाधितांच्या गोळ्यांचं काय? प्रश्न रास्तच होता. पुढे थोडी सूट मिळाली. उपचार, चाचण्या, आईकडून बाळाला होणारी लागण रोखणं, एवढं चालू ठेवायला परवानगी आली. पण फेब्रुवारीतच डीएचएस हा घरोघरच्या आरोग्य सर्वेक्षणांचा कार्यक्रम गुंडाळला गेला आणि त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. १९८४ पासून अमेरिकी पैशावर चाललेल्या या कार्यक्रमाने ९० हून अधिक देशांत ४०० च्या वर सर्वेक्षणं केली होती. गोळी बंद झाली की रुग्णाला लगेच कळतं. मोजणी बंद झाली की मात्र गंमत होते: तपासण्या कमी, म्हणून सापडणारे रुग्ण कमी, आणि कागदावर साथ ओसरल्यासारखी दिसते.

मोजायचं नेमकं काय, याबद्दलही घोटाळा आहे. ‘अमक्या देशात बाधित वाढले, मग एवढा पैसा ओतून उपयोग काय?’ असा शेरा नेहमी वाचायला मिळतो. पण उपचार नीट चालले की बाधित माणसं जगतात आणि मोजणीत राहतात. म्हणजे एकूण बाधितांचा आकडा यशामुळेसुद्धा वाढतो. एस्वातिनीत, म्हणजे तेव्हाच्या स्वाझीलँडमध्ये, पेपफार या अमेरिकी निधीतून २०११ आणि २०१६-१७ अशी दोन मोठी सर्वेक्षणं झाली. प्रौढांमध्ये बाधितांचं प्रमाण दोन्ही वेळा दहांत तीनच्या आसपास. एवढंच पाहून कोणीही कार्यक्रम फसला म्हटलं असतं. प्रत्यक्षात वर्षभरात नव्याने होणारी लागण जवळजवळ निम्म्यावर आली होती, आणि ज्यांच्या रक्तात विषाणू दबलेला आहे अशा बाधितांचं प्रमाण दुप्पट झालं होतं.

नवी लागण मोजायचा सरळ मार्ग म्हणजे हजारो निरोगी माणसांचा माग ठेवून त्यांचं रक्त पुन्हा तपासायचं. २०११ मध्ये तेच केलं होतं. हे काम खर्चिक, शिवाय माणसं गाव बदलतात, सापडत नाहीत. दुसऱ्या वेळी वेगळी युक्ती वापरली: एकदाच घेतलेल्या रक्तावरून लागण ताजी की जुनी हे ओळखायचं. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांमध्ये मला ही सर्वांत देखणी वाटते.

विषाणू शिरल्यावर शरीर त्याला चिकटणारी प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) बनवतं. त्यांतली पहिली घाईची असतात. विषाणूच्या प्रथिनाला ती चिकटतात, पण सैलसर. मग लसिकाग्रंथींमध्ये प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींची निवड सुरू होते. त्यांच्या प्रतिपिंडांच्या जनुकांत बारीकसारीक बदल होत राहतात, ज्या पेशीची पकड घट्ट ती टिकते, बाकीच्या मरतात. काही महिन्यांत पकड कितीतरी पक्की होते. तेव्हा पकड किती घट्ट हे मोजलं, तर लागण किती जुनी याचा अंदाज येतो.

पण प्रतिपिंडाला दोन भुजा असतात. चाचणीच्या तबकडीवर विषाणूचं प्रथिन दाटीने पसरलेलं असेल, तर सैल प्रतिपिंडही दोन्ही भुजांनी धरतं आणि पक्क्यासारखं भासतं. अशक्त माणूसही दोन हातांनी फांदीला लोंबकळत राहतो; कस लागतो तो एका हाताने लोंबकळताना. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेत भरत पारेख आणि सहकाऱ्यांनी प्रथिन मुद्दामच विरळ पसरलं. आता जवळ दुसरा कण नाही, एकाच भुजेवर भागवायचं. त्यावर आम्लधर्मी द्रावण घातलं की सैल प्रतिपिंडं सुटतात, पक्की राहतात. उरलेल्यांमुळे रंग चढतो. रंगाची तीव्रता प्रमाणित मापाने १.५ किंवा त्याहून कमी आली तर लागण ताजी, म्हणजे सरासरी गेल्या १३० दिवसांतली.

यात एक फसगत आहे. औषधांनी विषाणू दबला की प्रतिपिंडंही ओसरतात आणि जुनी लागण ताजी भासते. म्हणून सोबत व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणूच्या किती प्रती आहेत, तेही पाहावं लागतं. मिलिलिटरमध्ये हजाराहून जास्त प्रती असतील तरच ती लागण ताजी धरायची.

जाता जाता: गांबियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष याह्या जामेह यांनी २००७ मध्ये जडीबुटीने एड्स बरा करतो असं जाहीर केलं, रुग्णांची चालू औषधं बंद करवली आणि पुरावा म्हणून सेनेगलच्या प्रयोगशाळेतले व्हायरल लोडचे आकडे पुढे केले. जडीबुटी देण्याआधीचे नमुने प्रयोगशाळेकडे नव्हतेच. मग तुलना कशाशी? चमत्कारी काढा विकणाऱ्या कोणालाही पहिल्यांदा हेच विचारावं.

आता थोडं गणित. समजा, दहा हजार लोक निगेटिव्ह निघाले आणि २५ जणांची लागण ताजी. १३० दिवस म्हणजे वर्षाचा ०.३५६ भाग; दहा हजारांना त्याने गुणलं की ३,५६०. २५ भागिले ३,५६० म्हणजे वर्षाला साधारण ०.७ टक्के नवी लागण. नुसत्या योगायोगाने २५ चे २० किंवा ३० होऊ शकतात, म्हणजे वीस टक्के इकडेतिकडे. खर्च वाचवायला अडीच हजार लोकच घेतले, तर ताजे सापडणार सहा-सात, आणि चूक चाळीस टक्क्यांवर. मग निम्मी घट खरी की नशिबाची, हे सांगता येत नाही. परदेशी मदत इथे लागते: मोठा नमुना, शीतसाखळी, व्हायरल लोडची यंत्रं, प्रशिक्षित तंत्रज्ञ. यातलं काहीच कोणाचा जीव थेट वाचवत नाही, म्हणून कात्री आधी इथे लागते.

पाहणी आकडा किती हलवू शकते याचं उदाहरण भारताचंच आहे. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यूएनएड्स या एड्सविषयक कार्यक्रमाच्या अंदाजाने देशात ५७ लाख बाधित होते. तो आकडा मुख्यतः ठरावीक सरकारी दवाखान्यांत येणाऱ्यांवरून काढलेला. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत घरोघरी एक लाखाहून अधिक लोकांच्या रक्ताचे थेंब गाळणकागदावर घेतले गेले. त्या फेरीला केंद्र सरकारबरोबर परदेशी मदतही होती. दवाखान्यांची वाढवलेली पाहणीकेंद्रं आणि हे सर्वेक्षण मिळून २००७ मध्ये आकडा सुमारे २५ लाखांवर आला. निम्म्याहून अधिक ‘रुग्ण’ मुळात नव्हतेच.

सर्वेक्षणं थांबली तरी आलेख तुटणार नाहीत. दरवर्षीचे जागतिक आकडे गणिती प्रारूपांतून येतात आणि प्रारूपाला जुनी माहिती दिली तरी ते पुढची रेघ काढतंच. फरक पडतो तो अनिश्चिततेत. २०२४ साठी यूएनएड्सने जगात १३ लाख नव्या लागणी सांगितल्या, सोबत १० लाख ते १७ लाख अशी कक्षा दिली. नवा अहवाल आला की मधला आकडा बाजूला ठेवून ही दोन टोकं एकमेकांपासून किती लांब गेलीत, ते आधी पाहायचं.