नोवाक: गावात नवा आलेला

1654 च्या सुमारास बोहेमियात, म्हणजे आजच्या चेकियाच्या पश्चिम भागात, सारा ठरवण्यासाठी गावोगावच्या शेतांची मोठी नोंद झाली. तिला 'बेर्नी रुला' म्हणतात. 1618 ते 1648 या तीस वर्षांच्या युद्धानं हा मुलूख उजाड केला होता. नोंदीत ठिकठिकाणी ओस पडलेली शेतं दिसतात. मालक मेला किंवा परागंदा झाला, घर जळालं, रान माजलं. जमीनदाराला सारा हवा आणि पडीक रान सारा देत नाही. म्हणून अशा शेतांवर बाहेरची कुटुंबं आणून बसवली. गावात असा कुणी उतरला की त्याला सहज चिकटणारी हाक होती 'नोवाक', म्हणजे नवा आलेला. आडनाव त्याहून जुनं आहे, मध्ययुगातल्या पोलिश कागदांतही ते भेटतं. पण ओस पडलेली गावं पुन्हा वसताना त्याला भरपूर धनी मिळाले.

शब्दाची घडण आपल्याला परकी वाटू नये. स्लाव्ह भाषांतला 'नोव', आपला 'नवा', संस्कृत 'नव', लॅटिन 'नोवुस' आणि नौरोजमधला फारसी 'नौ' ही सगळी एकाच मुळाची पोरं. पुढचा 'आक' हा प्रत्यय माणूस घडवतो. पोलिशमध्ये 'रिबा' म्हणजे मासा आणि 'रिबाक' म्हणजे मासे धरणारा. तसाच 'नोव'पासून नोवाक. पाली भाषेत नुकती दीक्षा घेतलेल्या भिक्खूला 'नवक' म्हणतात. दोन्ही शब्द आपापल्या भाषेत स्वतंत्रपणे घडले, पण साहित्य एकाच घरचं आहे. कुठे नव्यानं रान मोडून शेत करणारा, कुठे नुकता धर्मांतर केलेला किंवा फौजेत भरती झालेला, अशा छटाही या नावाला आहेत. मुख्य अर्थ मात्र गावात नवा आलेला हाच.

मराठेशाहीतल्या गावात मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क, तर उपरी बाहेरून येऊन जमीन कसणारा, हक्क नसलेला. 'उपरा' हा शब्द तिथूनच आपल्या ओळखीचा. नोवाक हे नाव त्याच नजरेनं दिलेलं आहे. ते कुणी स्वतःसाठी निवडलं नाही. आधीपासून राहणाऱ्यांनी ते दिलं, पुढे पाद्र्यानं किंवा कारकुनानं लिहून घेतलं.

आज पोलंडमध्ये नोवाक हे पहिल्या क्रमांकाचं आडनाव आहे, सुमारे 2 लाख माणसांचं. चेकियात पुरुष नोवाक आणि स्त्रिया नोवाकोवा मिळून 65 ते 70 हजार भरतात, तिथेही पहिला क्रमांक. जेमतेम 21 लाख वस्तीच्या स्लोव्हेनियात सुमारे 11 हजार नोवाक आहेत, आणि तिथेही तेच पहिलं. म्हणजे तिन्ही देशांत साधारण दर दीडशे ते दोनशे माणसांमागे एक.

एवढी संख्या कशी झाली? एका गावाला लोहार एक पुरतो, फार तर दोन. नवी माणसं मात्र दर पिढीत येतात. शिवाय हे नाव सुचायला दुसऱ्या गावाकडून ऐकायची गरज नाही. शेकडो गावांनी, एकमेकांना न विचारता, आपापल्या नवख्याला तेच नाव दिलं. म्हणून सगळ्या नोवाकांचा एक मूळ पुरुष शोधणं व्यर्थ आहे. आडनावासारखंच वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडे जातं. पण जिथे सुरुवातच असंख्य वेगवेगळ्या घरांतून झाली, तिथे केवळ आडनाव सारखं म्हणून दोन नोवाकांची गुणसूत्रं जुळायचं काही कारण नाही.

याच न्यायानं घडलेलं दुसरं आडनाव म्हणजे 'होर्वात'. त्याचा अर्थ क्रोएशियाचा माणूस. ते स्लोव्हेनियात, हंगेरीत, स्लोवाकियात भरपूर आढळावं हे समजतं, पण खुद्द क्रोएशियात ते पहिल्या क्रमांकावर का? कारण ऑटोमन फौजा पुढे सरकल्या तेव्हा दक्षिणेकडचे लोक पळून उत्तरेला आले. त्या उत्तर भागाला तेव्हा स्लाव्होनिया म्हणत, आणि तिथल्यांना हे आलेले 'होर्वात' म्हणून वेगळे दिसत. ज्या गोष्टीनं माणूस शेजाऱ्यांत वेगळा उठून दिसतो, तीच त्याचं नाव होते. जर्मनांचं नॉयमान आणि लिथुआनियातलं नाउयोकास हीदेखील 'नव्या' माणसाचीच आडनावं.

सर्बियात चित्र वेगळं आहे. तिथे नोवाक हे बारशाला ठेवायचं नाव आहे, म्हणून टेनिसपटू नोवाक जोकोविचचं ते पहिलं नाव. तिथलं आडनाव नोवाकोविच म्हणजे नोवाकचा वंशज.

मोजणी करताना एक चूक हमखास होते. पोलिशमध्ये नोवाक हे नाम आहे, त्यामुळे स्त्री-पुरुष दोघांनाही ते तसंच लागतं. दुसऱ्या क्रमांकाचं आडनाव मात्र विशेषणाच्या रूपाचं आहे: पुरुष कोवाल्स्की, स्त्री कोवाल्स्का. दोन्ही रूपं वेगळी मोजली तर नोवाकची आघाडी खोटीच फुगते. एकत्र मोजली तरी नोवाकच पुढे राहतो, पण अंतर बरंच कमी होतं. पूर्वी पोलंडमध्ये बायकोला नोवाकोवा आणि अविवाहित मुलीला नोवाकुव्ना म्हणत. ही रूपं विसाव्या शतकात मागे पडली. चेकमध्ये 'ओवा' टिकलं. त्याचा मूळ अर्थ 'नोवाकची'. 2022 पासून चेक स्त्रीला कारण न देता पुरुषी रूप घेता येतं.

जुन्या वह्यांत नोवाक शोधायचा तर आडनावावरून सुरुवात करू नये. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेनं 1563 मध्ये लग्नाच्या नोंदी ठेवणं बंधनकारक केलं आणि हळूहळू चर्चच्या वह्या भरू लागल्या, पण पाद्री कानावर पडेल तसं लिहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चेकमध्ये 'व'साठी डब्ल्यू लिहीत. त्यामुळे आजच्या वर्तनीनं, व्ही घालून शोधलं की नोंद हाती लागत नाही. जर्मन कारकुनाच्या हाती हेच नाव 'नोआक' झालं. पूर्व जर्मनीतल्या लाउझित्स भागातल्या सॉर्ब या स्लाव्ह लोकांत ते असंच रुजलं आहे.

याहून मोठा चकवा म्हणजे 'छपरावरचं नाव'. चेक गावांत आडनाव कित्येकदा माणसाला नव्हे, घराला चिकटलेलं असे. द्वोर्झाकचा मुलगा नोवाकांच्या शेतावर घरजावई गेला की तोही नोवाक होई, आणि वहीत दोन नावांमध्ये 'यिनाक', म्हणजे 'ऊर्फ', असा शब्द येई. तो शब्द नजरेतून सुटला की वंशावळ भलत्याच घराण्यात शिरते. 1780 च्या दशकात सम्राट योसेफ दुसरा याच्या फर्मानांनी आडनावं कायमची ठरवली, तेव्हा ही अदलाबदल हळूहळू थांबली. 1770-71 मध्ये याच सम्राटाच्या हाब्सबुर्ग घराण्याच्या मुलखात, म्हणजे बोहेमियातही, घरांना क्रमांक दिले गेले, ते इथे फार कामी येतात. आधी गाव पक्कं करावं, मग घराचा क्रमांक, मग आईचं माहेर आणि मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी धरणारी माणसं. एवढं जुळलं तरच नोवाक आपला समजावा.

आडनावं कायम झाल्यावर नवे नोवाक घडणंही बंद झालं. आज चेक गावात येणाऱ्याचं आडनाव त्याच्या पासपोर्टावर छापूनच येतं. समाजवादी राजवटीत कामासाठी आणि प्रशिक्षणासाठी व्हिएतनामी माणसं तिथे आली, त्यांतली बरीच स्थायिक झाली. आता चेकियात सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांच्या यादीत नोवाक, स्वोबोदा, द्वोर्झाक यांच्याबरोबर 'नग्वेन'ही बरंच वर दिसतं.