स्केट्स एक नंबर मोठे घ्यायचे का?

"रोलर स्केट्स नेहमी एक नंबर मोठेच घ्या, जाड मोजे घातले की बसतात," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. मुलांच्या बाबतीत तो समजण्यासारखा आहे, त्यांचे पाय वाढतात. मोठ्या माणसाच्या पायाची वाढ केव्हाच थांबलेली असते.

ढिल्या बुटात टाच उचलली जाते. पाय वळवला तरी चाकं उशिरा वळतात, घोटा डगमगतो. घासून फोड येतात ते वेगळेच. जाड मोजा ती पोकळी भरून काढत नाही. तो दबतो आणि पाय आत सरकतच राहतो.

खात्री घरीच करता येते. संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, कागदावर भिंतीला टाच टेकवून उभं राहा. सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पायांचं मोजा, ते सहसा अगदी सारखे नसतात. मग ते कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा. चपलेच्या नंबरावर जाऊ नका.

दुकानात पातळ मोजे घालून लेस नीट आवळा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की जराशी मागे यावीत. टाच जागची हलता कामा नये. बोटं मुडपत असतील, तर मात्र तो बूट खरंच लहान आहे.